प्रोग्रेसिव्ह घालून चक्कर येते म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला "सवय होईल" एवढंच सांगायचं का?

काउंटरवाली_वेंगुर्ला

नमस्कार. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला एका ऑप्टिकलच्या दुकानात काम करते, आठ महिने झाले. ऑप्टोमेट्रीचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलाय, पण इथे नंबर काढायला डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि माझ्याकडे काउंटरचं सगळं आहे, म्हणजे फ्रेम दाखवायची, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) घ्यायची, लॅबला ऑर्डर लिहायची, मुंबईहून लेन्स आल्या की लेन्सोमीटरवर नंबर आणि ॲक्सिस बघायचा, फिटिंग करायचं आणि शेवटी माणसाच्या नाकाकानावर चष्मा नीट बसवून द्यायचा. काम मला मनापासून आवडतं. एखाद्या आजोबांना पहिल्यांदा पेपरातली बारीक अक्षरं दिसतात ना, तेव्हा त्यांचा चेहरा बघून दिवस चांगला जातो.

आता अडचण. गेल्या दोन महिन्यांत प्रोग्रेसिव्हचे, म्हणजे एकाच लेन्समध्ये वर लांबचा नि खाली जवळचा नंबर असतो ते, पाच चष्मे परत आले. त्यातल्या एका काकूंचं मनाला लागून राहिलंय. त्या काजूच्या कारखान्यात गर निवडायला बसतात, अख्खे वेगळे, पाकळी वेगळी, डाग पडलेले वेगळे, दिवसभर नजर खाली. पै पै साठवून सात हजारांचा चष्मा केला त्यांनी, आणि चौथ्या दिवशी आल्या नि म्हणाल्या, "गो बाय, ह्यो चष्मो घातल्यार पायरी वर येता, पाय खंय ठेवूचो ताच कळना नाय." लांबचं बघायचं तर हनुवटी खाली घ्यावी लागते म्हणाल्या, आणि ताटातले गर बघताना मान सारखी एका बाजूला वळवावी लागते.

मालक पीडी फुटपट्टीने एकच घेतात, ६३ आली तर फॉर्मवर दोन्हीकडे साडेएकतीस लिहितात. हाइट, म्हणजे फ्रेमच्या खालच्या कडेपासून बाहुलीपर्यंतची उंची, सगळ्यांना १८ मिमी. मी एकदा विचारलं तर म्हणाले तीस वर्षं असंच करतोय, पंधरा दिवस घाला म्हणावं, सवय होते. माणूस चांगला आहे हो, मला बोट धरून शिकवलंय, रिमलेसचं भोक पाडायला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे उलट बोलायला जीभ रेटत नाही. पण काकू परत काजूवर बसल्यात जुना तडा गेलेला केटी (दोन नंबरांचा बायफोकल) घालून आणि नवीन चष्मा डब्यात आहे.

तर चूक नंबरात आहे, मापात आहे की फ्रेमच्या बसण्यात आहे हे ओळखायचं कसं? दुकानात पीडी मीटर नाही, फुटपट्टी आणि मार्कर एवढंच आहे. आणि मालकांना कसं सांगू?

जुना_फिटर_चिपळूण

बाळ, सवय होते हे खोटं नाही. ज्याने आधी कधी प्रोग्रेसिव्ह घातला नाही त्याला कडेने थोडं डुलतं, लेन्समध्ये नंबर वरून खाली वाढत जातो म्हटल्यावर दोन्ही बाजूंना धूसर पट्टे राहणारच, कितीही महाग घे, पट्टा कमीजास्त होईल पण जाणार नाही. पण हे वाक्य माप तपासून झाल्यावर बोलायचं, आधी नाही. काकूंनी जे सांगितलंय त्यातच निम्मं उत्तर आहे, लांबचं बघायला हनुवटी खाली घ्यावी लागते म्हणजे क्रॉस (लेन्सवरची बाहुलीसमोर यायला हवी ती खूण) बाहुलीच्या वर बसलाय, त्या समोर बघतात तेव्हा लेन्सचा जवळच्या नंबराकडे जाणारा भाग मधे येतो, म्हणून पायरी हलते. उलट असतं तर लांबचं छान दिसलं असतं आणि वाचायला हनुवटी वर करावी लागली असती.

आता हे डोळ्याने बघून घे. प्रोग्रेसिव्हच्या प्रत्येक लेन्सवर दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून ३४ मिमीवर. ट्यूबलाइटखाली तिरकी धर, तोंडाची वाफ मार, चटकन दिसतील. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशन, म्हणजे जवळचं बघायला वाढवलेला नंबर, लिहिलेलं असतं, ते चिठ्ठीशी जुळतंय का तेही बघून टाक. खुणांवर मार्करने ठिपके दे, कंपनीचा चार्ट येतो त्यावर चष्मा ठेवून क्रॉस काढ आणि काकूंना घाल. मग त्यांच्यासमोर बस, उभी राहू नको, तुझे डोळे नि त्यांचे डोळे एका रेषेत हवेत, तू थोडी जरी वर असलीस तरी माप दोन मिमीने खोटं येतं. त्यांचा उजवा डोळा बघताना तू तुझा डावा उघडा ठेव आणि त्यांना त्यातच बघायला सांग, मग दुसऱ्या बाजूला उलट. क्रॉस बाहुलीच्या मधोमध आहे की नाही ते तिथेच दिसेल. पीडी मीटर असला तर उत्तम, पण फुटपट्टीनेही दोन डोळ्यांची वेगळी पीडी घेता येते, नाकाच्या मध्यापासून उजवी वेगळी, डावी वेगळी. नाक प्रत्येकाचं मधोमध नसतं. ६३ ची पीडी ३० आणि ३३ असू शकते, तिथे साडेएकतीस साडेएकतीस लिहिलं की दोन्ही डोळे लेन्समधल्या स्पष्ट दिसणाऱ्या पट्टीच्या काठावरून बघतात, म्हणून ती मान वळवणं.

हाइट कधीही फ्रेममध्ये आधीपासून असलेल्या डेमो लेन्सवर खूण करून घ्यायची आणि त्याच्याही आधी फ्रेम ॲडजस्ट करून घ्यायची. बरेच लोक उलटं करतात, आधी माप मग काड्या वाकवणं, मग ते माप गेलं ना वाया. आधी नोज पॅड बसव, काड्या कानामागे बसव, फ्रेम खाली थोडी गालाकडे कललेली असू दे, आठ ते बारा अंश, आणि मग मार्कर घे. अजून एक, "सरळ बसा" म्हणू नको. सरळ बसा म्हटलं की माणूस फोटोला बसल्यासारखा ताठ होतो आणि माप त्या ताठपणाचं येतं. गप्पा मार, पाऊस किती पडला विचार, तो सैल झाला की मग खूण कर.

साध्या सिंगल व्हिजनलासुद्धा (एकाच नंबराच्या चष्म्याला) पीडीचा हिशोब लागू आहे. लेन्स मध्यापासून एक सेंटीमीटर सरकली की जेवढा नंबर तेवढा प्रिझम (समोरचं एका बाजूला सरकवणारा परिणाम) येतो. उणे सहाच्या माणसाची पीडी ६२ आणि चष्मा ६६ चा झाला तर चार मिमी म्हणजे शून्य पॉइंट चार गुणिले सहा, २.४ प्रिझम, आणि तोही डोळे बाहेर ओढायला लावणारा, जो डोळ्याला अजिबात मानवत नाही. पोरं डोकं दुखतं म्हणून अभ्यास सोडतात आणि आई म्हणते मोबाईल बघतो म्हणून दुखतं. मी स्वतः अशी पोरं बघितलीयत, चष्मा बदलून दिल्यावर आठ दिवसांत डोकेदुखी गेलेली.

मालकांचं म्हणशील तर चूक झाली असं बोलायला जाऊच नको. या एका चष्म्यावर क्रॉस काढ, काकूंना घाल आणि मालकांना म्हण, जरा बघता का, मला नीट कळत नाहीये. तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला बाहुली आणि क्रॉस यातलं अंतर दिसतं. आमच्याकडे २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी दुकानात माळ्यापर्यंत आलं होतं, लेन्स घासायचं एजिंग मशीन चिखलात गेलं, फ्रेमा गेल्या, पुढे दीड महिना हाताच्या ग्राइंडरवर लेन्स घासून लोकांना चष्मे दिले कारण पुरात चष्मे वाहून गेलेले लोक रांगेत उभे होते. तेव्हाही माप फुटपट्टीनेच घेत होतो, पण दोन डोळ्यांचं वेगळं, आणि एकही परत आला नाही.

बऱ्याच कंपन्या प्रोग्रेसिव्ह मानवला नाही तर ठरावीक मुदतीत एकदा बदलून देतात, मुदत बिलावर किंवा लॅबला फोन करून बघ आणि ती संपायच्या आत पाठव.

आंबेवाला_देवगड

मी दुकानदार नाही, गिऱ्हाईक आहे, पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मलाही एका ठिकाणी असाच प्रोग्रेसिव्ह दिला होता, कोणी विचारलंच नाही की मी दिवसभर करतो काय. मी बागायतदार, मार्च ते मे कलमावर शिडी लावून आंबे उतरवायचे, शिडीची पायरी बघायला नजर खाली गेली की लेन्सच्या जवळच्या भागातून दिसायची, धूसर आणि मोठी. एकदा पाय चुकला, दोन पायऱ्या घसरलो, नशीब खाली पातेरा होता. नंतर रत्नागिरीला एका दुकानातल्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, काका तुम्ही काम काय करता, आणि मग म्हणाला तुम्हाला बागेत फक्त लांबच्या नंबराचा साधा चष्मा, तोही काडीला दोरी लावून, आणि पेट्या भरताना, हिशोब लिहिताना वेगळा. दोन्ही मिळून त्या एका प्रोग्रेसिव्हपेक्षा स्वस्त पडले. चार वर्षं झाली, काही त्रास नाही.

तेव्हा ताई, तुम्ही एवढं मनावर घेताय तर हे विचारत जा. माडावर चढणारा, होडीत उभा राहणारा, जांभ्याच्या खाणीत काम करणारा, यांना खाली पाय कुठे पडतो ते दिसलं पाहिजे.

मूळची_गुहागरची

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सध्या मुंबईत हॉस्पिटलमध्ये, त्यामुळे नंबराच्या बाजूने थोडं लिहिते. जुन्या फिटर काकांनी मापाचं सगळं सांगितलंय, त्यात मी काही घालत नाही.

काजू निवडणाऱ्या काकूंचं ॲडिशन कुठल्या अंतराचं आहे ते बघ. चिठ्ठीवर सव्वादोन किंवा अडीच ॲडिशन असेल तर ते साधारण ४० सेमीवर वाचायला धरलेलं असतं, पण काकू ताट घेऊन बसतात तेव्हा डोळ्यांपासून गरापर्यंत किती अंतर आहे? टेप लावून मोज खरंच, लाजू नको. ६० सेमी निघालं तर त्यांना तिथे पावणेदोनच्या आसपास पुरतं, आणि जास्त नंबर दिला की ताट तोंडाजवळ आणावं लागतं, पाठ दुखते. जाळं विणणाऱ्यांचं, शिंप्यांचं तेच. पण नंबर तू बदलू नको हं, चिठ्ठीवर अंतर लिहून डॉक्टरांना दे, "काम ६० सेमीवर, नजर खाली, आठ तास" एवढं लिहिलंस तरी ते परत तपासतील. दिवसभर एकाच अंतराचं काम असलेल्या बाईला प्रोग्रेसिव्हपेक्षा जवळचा साधा चष्मा बरा पडतो हे माझं स्पष्ट मत आहे. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळच्या भागाची रुंदी थोडीच असते, तिथून ताटभर गर बघायचे म्हणजे मान हलवत राहायचं. विकायला महाग असतं म्हणून सगळ्यांनाच प्रोग्रेसिव्ह देतात याचं मला फार वाईट वाटतं, आपल्याकडची माणसं विश्वासाने घेतात.

परत आलेल्या पाच जणांत कोणाला शुगर आहे का हेही विचार. शुगर खूप वर असताना काढलेला नंबर शुगर खाली आल्यावर जुळत नाही, माप कितीही अचूक असलं तरी. अशांना शुगर स्थिर झाल्यावर परत तपासणीला बोलवायचं, लेन्स बदलत बसायचं नाही.

आणि एक गोष्ट काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत हवी. कोणी आला आणि म्हणाला डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके वाढलेत, वीज चमकल्यासारखं होतंय, एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटतंय, किंवा अचानक एकाचे दोन दिसायला लागलेत, तर चष्मा तपासत वेळ घालवायचा नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटत असेल तर एकेक दिवस मोलाचा असतो. चष्म्याच्या दुकानात माणूस आधी येतो, डॉक्टरकडे नंतर जातो, म्हणून तुझ्या खुर्चीची जबाबदारी मोठी आहे.

पुढे शिकायचं मनात असेल तर बी ऑप्टोम कर, इंटर्नशिप धरून चार वर्षं. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात आपल्या व्यवसायाचा समावेश झालाय, पुढे नोंदणीचं महत्त्व वाढणार.

बंदरावरचा_ऑप्टिकवाला

वर सगळं नीट आलंय, मी फक्त किनाऱ्याचं सांगतो कारण शहरातल्या पुस्तकात हे नसतं. माझं दुकान बंदराला लागून आहे, निम्मं गिऱ्हाईक ट्रॉलरवरचं. खाऱ्या हवेत साधी मेटल फ्रेम वर्षभरात हिरवी पडते, नोज पॅडच्या मुळाशी आणि बिजागरीत आधी. स्क्रू गंजून धरतो, तो जोर लावून फिरवला तर डोकं तुटतं आणि फ्रेम गेली, त्यापेक्षा मशीन ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर ठेव, सकाळी अलगद फिरव. मी बंदरावरच्या माणसाला शेल किंवा टीआर ९० (दोन्ही प्लास्टिकच्या) दाखवतो, परवडत असेल तर टायटॅनियम. फक्त टीआर तापवून शेलसारखी वळत नाही, त्यामुळे ती पहिल्यापासूनच चेहऱ्याला बसणारी निवडायची. शेलची फ्रेम तापवताना लेन्स काढून घे, एआरसीला (लेन्सवरच्या चमक मारणाऱ्या कोटिंगला) जास्त उष्णता लागली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं लेन्स खराब दिली. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात चष्मा ठेवला तरी तेच होतं, हे प्रत्येकाला देताना सांग.

पुसण्याचं तर शंभरदा सांगावं लागतं. समुद्रावरून आलेल्या चष्म्यावर मीठ सुकलेलं असतं, वाळू असते, आणि माणूस सरळ लुंगीच्या टोकाने पुसतो. आधी नळाखाली धर, एक थेंब भांड्याचा साबण, मग मऊ कापड. मी प्रत्येकाला काउंटरच्या बेसिनवर एकदा करून दाखवतो. तोंडी सांगितलेलं घराच्या उंबऱ्यापर्यंत टिकत नाही.

गॉगल मागायला आले तर पाण्यावरची चमक मारायला पोलराइज्ड लेन्स खूप चांगली, लाटेखालचं जाळं दिसतं म्हणतात. पण तांडेलाला (बोटीवरच्या प्रमुखाला) देताना एक विचार, बोटीवर जीपीएस आणि फिश फाइंडरची स्क्रीन कशी आहे. पोलराइज्डमधून काही स्क्रीन काळ्या दिसतात, मान तिरकी केली की दिसतात. एका तांडेलाला मी न विचारता दिला, तो पहाटे निघाला, ऊन चढल्यावर गॉगल लावला आणि स्क्रीन बंद पडली म्हणून परत फिरला, डिझेल गेलं त्याचं. त्याचे पैसे मी परत दिले आणि तेव्हापासून माझ्या मोबाईलवर स्क्रीन तिरकी धरून आधी दाखवतो. उन्हातलं काम असलेल्यांच्या डोळ्यावर मांस वाढतं तेही इथे फार बघायला मिळतं, त्यामुळे यूव्ही अडवणारी लेन्स आणि टोपी, दोन्ही सांगत जा.

पावसाळ्यात ट्रायल सेटचा (नंबर काढायच्या लेन्सांचा) डबा आणि लेन्सोमीटर सांभाळ. माझ्या पहिल्या लेन्सोमीटरला आत बुरशी आली, नंबर धूसर दिसायला लागला आणि मी लेन्सलाच दोष देत बसलो. आता सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकतो, दर महिन्याला तापवून कोरड्या करतो. तुमच्याकडे नंबर वाचताना खूण नीट स्पष्ट दिसते ना, एकदा माहीत असलेली लेन्स ठेवून बघ.

काउंटरवाली_वेंगुर्ला

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री दोनदा वाचलं सगळं.

आज काकूंना बोलावलं होतं, कारखान्याची दुपारची सुट्टी झाल्यावर आल्या. वाफ मारून खुणा शोधल्या, सापडल्या, ३४ मिमीवर अगदी, चार्टवर क्रॉस काढला आणि त्यांना घातला. बाहुली क्रॉसच्या तीन मिमी खाली होती. हाइट मोजली तर १५ निघाली, फ्रेमच उंचीला कमी घेतली होती आपण. पीडी वेगवेगळी घेतली, उजवी ३०, डावी ३३. मालक बाजूला फ्रेमा पुसत होते, मी फिटर काकांनी सांगितलं तसं म्हटलं, जरा बघता का, मला कळत नाहीये. ते आले, खाली वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वर बसलाय गो हा." मग स्वतःच पक्कड घेऊन नोज पॅड पसरवले, फ्रेम दोन मिमी खाली आली. काकूंना दुकानाच्या पायऱ्यांवरून तीनदा चढवलं उतरवलं. म्हणाल्या आता पायरी जागच्या जागी हा.

मान वळवणं मात्र तसंच आहे, पीडीमुळे. मुदतीचे नऊ दिवस शिल्लक होते, मालकांनी लॅबला फोन करून बदलून मागवल्या, यावेळी फॉर्मवर ३० आणि ३३ वेगळं लिहिलं आणि फ्रेम थोडी जास्त उंचीची घेतली. टेपने काकूंचं अंतरही मोजलं, त्यांनी काउंटरवर ताट असल्यासारखे हात धरून दाखवले, ५८ सेमी. ते चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, डॉक्टर गुरुवारी येतात. काजूसाठी त्यांना वेगळा साधा चष्मा लागला तर माझ्याकडे एक चांगली शेलची फ्रेम आहे, ती मी माझ्या पगारातून देणार होते पण मालक म्हणाले राहू दे, दुकानातून दे.

बाकीच्या चौघांपैकी दोघांना शुगर आहे, त्यांना तपासून यायला सांगितलंय. एक एसटीचे ड्रायव्हर आहेत, त्यांना आरसा बघताना कडेला धूसर दिसतं, त्यांचा चष्मा सोमवारी मागवून घेतलाय. आणि लेन्सोमीटर तपासला, खूण जरा धूसरच वाटतेय मला. तो उघडून साफ करायचा की बाहेर पाठवायचा, बंदरावरचे दादा, तुम्ही कुठे करून घेतलं होतं?